बजाबाईचा पहारा

बजाबाईला जगातला कुठलाही आवाज पसंत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं तुम्ही उगाच तिची बाजू घेणार नाही.

आमच्या वळसंगात भाजीचा टेम्पो येतो. त्याच्यावर रेकॉर्ड केलेला आवाज असतो, कांदे घ्या, बटाटे घ्या. बजाबाई दारात ज्वारी पाखडत बसलेली असते. ती सूप थांबवून म्हणते, "बटाट्याला उगंच उतरतंय मेलं. कांद्याला हुतं तितंच ऱ्हायलं असतं तर काय झालं असतं?" आता सांगा. माणूस भाव विचारतो, ताजी आहे का विचारतो. ही बाई बटाट्याचा सूर काढते.

शाळेची प्रार्थना तिला चढी वाटते. वरातीचा बँड तिच्या दारावरून जाताना वाजवायचा थांबतो आणि वळण ओलांडल्यावर पुन्हा सुरू होतो. एका नवरदेवानं घोड्यावरूनच विचारलं होतं, का थांबले म्हणून. क्लॅरिनेटवाला म्हणाला, "मालक, हितं बजाबाई ऱ्हाती. आमालाबी इज्जत हाय की." नवरदेव बाहेरगावचा होता, त्याला वाटलं बजाबाई म्हणजे एखादी देवी असेल. त्यानं घोड्यावरूनच नमस्कार केला.

मी शहाजी. स्टँडवर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बजाबाई एकदा रिंगटोन बदलून घ्यायला आली. सकाळपासून दुपारपर्यंत मी एकेक टोन वाजवून दाखवतोय आणि ही एकेकाला नावं ठेवतेय. शेवटी वैतागून मी फोन नुसता थरथरण्यावर टाकून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "शाज्या, ह्ये जरा घाईनं थरथरतंय रं." कपाळावर हात मारून घेतला मी.

तिचं बाकी काही म्हणाल तर काही नाही. नवरा लवकर गेला. लेक करमाळ्याला दिलेली, ती तिच्या संसारात. दारात दोन म्हशी. त्या म्हशींनासुद्धा ओरडायची चोरी, असं गाव म्हणतं. ती रस्त्यानं येताना दिसली की लोक म्हणतात, आली बघ किरकिर, आणि बोळ बदलतात. मीसुद्धा बदलतो. लपवायचं काय त्यात?

पण वर्षातून एकदा हे सगळं उलटं होतं. आमच्याकडं मारुतीच्या देवळासमोर सप्ताह बसतो. सप्ताहात वीणा जमिनीवर टेकवायची नाही, हा नियम. ती रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पाहिजे. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं उभं राहून नाम घेत राहायचं आणि दुसरा कुणी येऊन ती आपल्या गळ्यात घेईपर्यंत तिथून हलायचं नाही. याला पहारा म्हणतात. आणि दुसरा नियम असा, की मंडपात शिरलं की आधी वीणा घेतलेल्याच्या पाया पडायचं. तो कोण, कुठला, काल त्याच्याशी बांधावरून भांडण झालंय का, काही बघायचं नाही. वीणा गळ्यात आहे तोवर तो देवाच्या ठिकाणी.

दुपारचा पहारा बजाबाईचा. सून होऊन आली तेव्हा सासूनं स्वतःच्या गळ्यातली वीणा काढून हिच्या गळ्यात घातली, तेव्हापासून तो तिच्याकडं आहे. खरं तर हा कुणालाच नको असलेला पहारा. जेवणं झालेली असतात, पत्र्याखाली नुसतं उकडत असतं, निम्मा मंडप पेंगत असतो. पण बजाबाई त्या दिवसांत ठेवणीतलं हिरवं इरकल नेसते, कपाळावर ठसठशीत बुक्का लावते आणि नामाची तिची ती चाल सुरू करते. पहिली फेरी सरळ, आणि दुसऱ्या फेरीला नाम असं वर चढतं की पेंगणारा म्हातारा दचकून उठतो आणि टाळी वाजवायला लागतो. गाव त्याला बजाबाईची चालच म्हणतं. तिला गाता येतं, हीच तर सगळी पंचाईत आहे. येत नसतं तर सरळ म्हणता आलं असतं, तुला काय कळतंय बाई, गप बस.

मागं एकदा ती मला म्हणाली होती, "शाज्या, वरीसभर लोक माज्याकडं पाठ करत्यात. करू दे. मी त्या दुपारच्या पहाऱ्यावर जगती बघ." मी तेव्हा कुणाच्या तरी फोनचा डिस्प्ले बसवत होतो. हं म्हणालो.

आता आमचा अजिंक्यदादा. वयानं माझ्यापेक्षा लहान आहे, पण दादा. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष उदयसिंह अण्णा, त्यांचा सख्खा भाचा. त्याचं बोरामणीच्या बोरांवरचं गाणं ऐकलं नसेल असा माणूस या जिल्ह्यात नाही. सोलापूरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं आणि नुसता धुमाकूळ. हळदीला तेच, डोहाळजेवणाला तेच. त्या गाण्यात शेवटी 'गोड' शब्दावर सूर एकदम वर जातो. तिथं दादाची एक खास स्टाईल आहे. तो माईक आमच्याकडं करतो, डोळे मिटतो, आणि सगळं पब्लिक मिळून 'गोऽऽड' म्हणतं. काय वाटतं म्हणून सांगू! आपणच दादा झालो असं वाटतं. मी अजिंक्यदादा युवा मंचाचा वळसंगचा अध्यक्ष आहे, तो काय उगाच नाही.

यंदा सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी अण्णांनी दादाचा कार्यक्रम ठेवला. आधी भक्तिगीतं झाली, मग लोकांनी फारच गलका केला म्हणून बोरांचं गाणं. मी फोनवरून सगळं लाइव्ह दाखवत होतो. जिल्हाभरचे फॅन बघत होते. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि मला काय दुर्बुद्धी सुचली कुणास ठाऊक. खांबाला टेकून बजाबाई बसली होती. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला आणि म्हणालो, "मावशी, आपल्या दादाविषयी दोन शब्द."

तिनं फोनकडं बघितलं. म्हणाली, "आवाज लई गोड हाय पोराचा."

मी खूश. तिथंच बंद करायला हवं होतं.

"पर वरचा सूर लागत न्हाय त्येला. लागत न्हाय म्हून ऐन वक्ताला माईक तुमच्याकडं करतोय, आन तुमी खुळ्यागत वरडताय. गानं तुमी म्हनायचं आन हार त्येनं घालायचा. ह्ये कसलं वो गानं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन बंद करायला गेलो तर गडबडीत बोट भलतीकडंच पडलं आणि तिचा चेहरा स्क्रीनभर मोठा झाला. तशातच ती आणखी एक वाक्य बोलली, "आन मागला ढोलकीवाला कुनाचा रं? त्येला घरी सोडा."

झालं. मी दुकानात पोचेपर्यंत सगळा जिल्हा पेटला होता. अक्कलकोटच्या शाखेनं विचारलं, ही बाई कोण आणि हिला कुणी पैलवान भाऊ आहे का. करमाळ्याच्या फॅननी निषेध म्हणून एक दिवस गाणं न ऐकायचं ठरवलं, म्हणजे दादाचंच. श्रीपूरच्या एका पठ्ठ्यानं बजाबाई माफी मागेपर्यंत साखर सोडली. तो साखर कारखान्यात कामाला आहे. दादाचा फोन मात्र बंद. त्यावरून दादा जेवले नाहीत अशी बातमी पसरली, आणि दादा जेवले नाहीत म्हणून आणखी काहीजण जेवले नाहीत.

माझ्या दुकानात मंचाची तातडीची बैठक झाली. आमची महिला आघाडी म्हणजे सृष्टी, एकटीच, सोलापूरला कॉलेजला जाते. ती म्हणाली, "आधी मुद्द्यानं उत्तर देऊ. दादांचा सूर लागतो हे सिद्ध करू." एकानं विचारलं, सूर लागतो म्हणजे नेमका कुठं लागतो? मग मी फोनवर सूर मोजायचं ॲप घेतलं. त्यात काटा असतो, सूर बरोबर असला की हिरवा होतो. दादाचं गाणं लावलं. काटा हिरवा, हिरवा, हिरवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. 'गोड' आलं, आणि काटा चक्क पळत सुटला. डावीकडं काय, उजवीकडं काय. कारण तिथं दादा नव्हताच, आम्ही होतो. बैठकीनं एकमतानं ठरवलं की ॲप बाहेरच्या देशातलं आहे, त्याला आपलं संगीत कळत नाही.

मग फ्लेक्स लावायचं ठरलं. सोलापूरला सांगितलं, बजाबाईचा फोटो टाका आणि वर मोठ्या अक्षरात जाहीर निषेध. फ्लेक्सवाला बिचारा रात्रंदिवस वाढदिवसाचे फ्लेक्स करणारा. त्यानं निषेध टाकला, पण सवयीनं भोवती झेंडूच्या माळा, मागं उगवता सूर्य, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून आमची सगळ्यांची फोटोसकट नावं. वेशीत फ्लेक्स लागला आणि सकाळपासून लोक बजाबाईच्या दारात. वाढदिवस आहे म्हणून कुणी गुलाबाचं फूल आणलं, कुणी केळी. ती मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "फोटू बरा आलाय रं. पर तुजं तोंड का असं आंबल्यागत?"

हसण्यावारी गेलं असतं हे सगळं. पण अण्णांना ते मनाला लागलं. भाचा घरात दार लावून बसलेला, बहीण रडतेय. ते मला घेऊन बजाबाईच्या दारात गेले. ती म्हशीपुढं पेंड ठेवत होती.

"बजाबाई," अण्णा म्हणाले, "उद्या मंडपात माईकवर यायचं आन अजिंक्यची माफी मागायची. न्हायतर दुपारचा पहारा तुज्याकडनं काढला. आमची दिपाली हुबी ऱ्हाईल." दिपाली म्हणजे अण्णांची सून.

बजाबाईच्या हातातली पेंडीची पाटी तशीच राहिली. म्हैस मान लांब करून बघायला लागली. "अण्णा," ती म्हणाली, "पहारा नगा काढू."

या बाईच्या तोंडून विनवणी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. बरं वाटायला हवं होतं मला. वाटलंही, थोडंसं.

"मग माग की माफी. काय जातंय तुजं?"

"लागला न्हाय तर लागला म्हनू व्हय?"

"म्हण की."

"म्हनल्यानं लागत असता तर मी रोज म्हनलं असतं. गावातल्या समद्यांचाच लागला असता की."

अण्णा रागानं निघून गेले. मी मागं राहिलो. म्हणालो, "मावशी, एक वाक्य बोलायचंय. बोलून मोकळी हो." तिनं पाटी म्हशीपुढं ठेवली आणि तिथंच दगडावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंच मोर्चानं मंडपात निघाला. काळ्या फिती, घोषणा पाठ. बजाबाई, माफी मागा! दादांची माफी मागा! सृष्टी सगळ्यांत पुढं, मी तिच्याही पुढं. तावातावानं आत शिरलो आणि बघतो तर बजाबाई वीणा गळ्यात घालून उभी. हिरवं इरकल, बुक्का, डोळे मिटलेले.

आता अडचण ध्यानात घ्या. आत आलं की आधी पाया पडायचं. अध्यक्ष म्हणून मी पुढं, आणि माझे गुडघे माझ्या परवानगीशिवाय वाकले. लहानपणापासूनची सवय, ती काय फितीला ऐकते? मी पाया पडून उठलो तर मागं मंचाची रांग लागलेली. एकेक जण काळी फीत सावरत वाकतोय. सृष्टीनं तर डोकं टेकवलं. आणि जिचा निषेध, ती प्रत्येकाकडं मान हलवून बघतेय, बाबा सुखी राहा म्हणून.

रांग संपली. आता घोषणा. पण मंडपात नामाशिवाय दुसरं काही मोठ्यानं बोलायचं नाही, हाही नियमच. सृष्टी हुशार. ती कुजबुजली, "नामाच्या चालीवर म्हणू." मग आम्ही बजाबाईच्याच चालीवर सुरुवात केली, बजाबाई माफी मागा, दादांची माफी मागा. तिच्याबरोबरच्या टाळकरी बायकांनी सवयीनं टाळ धरला. ती नाम घेतेय, मध्ये आम्ही निषेध घेतोय. एक फेरी झाली. तिच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, लागलं मनाला.

"माफी उशिरा येतीय," ती म्हणाली.

"काय?"

"टाळ पडला की लगीच घ्या की. टाळ पडून जातोय आन मग तुमची माफी येतीय. पुन्हा घ्या."

आम्ही पुन्हा घेतलं. तुम्ही म्हणाल, कशाला घेतलंत? अहो, चुकीचं म्हणायचं का मग? एवढी माणसं ऐकतायत.

"आता बरं. ती मागली पोरं चढतानी ताणत्यात. ताणू नका. ए सृष्टे, तू पुढं ये, तुजा आवाज बरा हाय."

तिसऱ्या फेरीला काय जमलं म्हणता! बजाबाईचं नाम खालून येतंय आणि त्यावर आमचा निषेध बरोबर बसतोय. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? स्पीकरवाला मल्लप्पा ॲम्प्लिफायरवर डोकं ठेवून झोपला होता, तो उठला आणि त्यानं आपण होऊन स्पीकर चालू केला. माझ्या शेजारचा एक जण मध्येच बोलला तर त्याला कानडीत खेकसला, सुम्नीर, म्हणजे गप. वाड्या-वस्तीवरची माणसं धावत आली. त्यांना वाटलं, करमाळ्याहून नवं भजनी मंडळ आलंय. एका म्हाताऱ्यानं आम्हाला सगळ्यांना केळी वाटली.

तेवढ्यात अण्णा आले, आणि त्यांच्यामागं दादा. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. आमचा निषेध तिथल्या तिथं थांबला, एकटी सृष्टी अर्धी फेरी पुढं गेली.

"चल बजाबाई, माईकवर ये," अण्णा म्हणाले.

"येती की. वीणा कुनी घ्या."

अण्णांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही मंडपाच्या बांबूंकडं बघितलं. वीणा घ्यायची म्हणजे तिची चाल न तोडता पुढं न्यायची, एकट्यानं, सगळ्या गावासमोर, आणि ऐकायला बजाबाई. मला दुकान उघडं टाकल्याचं आठवलं. सृष्टीचा घसा बसला. अण्णांचा गुडघा दुखायला लागला. आणि जिला पहारा द्यायचा होता त्या दिपालीवहिनी आमटी करपेल म्हणून पळत चुलीकडं गेल्या.

"मी घेतो," दादा म्हणाला.

तो पुढं आला, तिच्या पाया पडला. रिवाजाप्रमाणं तीही त्याच्या पाया पडली. तिच्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात गेली. डावा हात वीणेला, उजवा तारेवर. ती हळूच म्हणाली, "चाल तुटू देऊ नगंस."

अण्णांनी तिच्या हातात माईक दिला. ती तोंड उघडणार, एवढ्यात दादानं नाम धरलं. पहिली फेरी सरळ, गोड, काही तक्रार नाही. दुसरी फेरी आली, नाम वर चढायला लागलं, आणि दादानं डोळे मिटून काय करावं? गळ्यातली वीणा उचलून आमच्याकडं केली! सवय हो, सवय. आणि आम्हीही एका आवाजात वरचा सूर ओरडलो.

"गप बसाऽऽ!"

ते स्पीकरमधून सगळ्या गावावर गेलं. तालमीपुढची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

"त्येचं हाय ते. त्येला म्हनू द्या," बजाबाई म्हणाली.

आता कुणाचीच हिंमत होईना. नुसती तार वाजतेय. दादानं पुन्हा घेतलं, वर गेला, आणि आवाज फाटला. सरळ फाटला. मागं बायकांत कुणीतरी अगंबाई म्हणालं. दादा लालबुंद झाला. हात दोन्ही अडकलेले, त्यामुळं डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्याला पुसता येईना. त्या क्षणाला बजाबाई माझ्या हाताला लागली असती तर काय केलं असतं कुणास ठाऊक.

पण ती रागावली नाही. माईकवरच बोलत होती, पण घरात बोलावं तसं. "पोरा, तितं तू कदी दमच घेतलेला न्हाईस. लोक म्हनत्यात तवा तू दम घेतोस. म्हून अडतंय. चढायच्या आदी घे दम. पोट भरून घे. घाई न्हाय कुनाला."

त्यानं दम घेतला. पुन्हा अडलं, पण फाटलं नाही. ती म्हणाली, "व्हय, आता आनिक येकदा." त्यानं पुन्हा दम घेतला.

आणि लागला. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, ते ॲपचं मघाशी सांगितलंच, पण तो लागला हे मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. पेंगणारे उठून बसले. दादा तिथंच वर थांबला, मजेत उतरला, पुन्हा चढला. त्याच्या तोंडावर असं हसू आलं होतं जे कुठल्याच व्हिडिओत नाही, आणि त्याचे सगळे व्हिडिओ मी बघितलेत.

अण्णा भानावर आले. "माफी," ते म्हणाले.

बजाबाईनं माईक तोंडाजवळ धरला. "चुकलं माजं," ती म्हणाली. "पोराला वरचा सूर लागत न्हाय म्हनलं हुतं. लागतोय."

मंडप डोक्यावर घेतला आम्ही. दादांचा विजय असो! श्रीपूरला फोन गेला, साखर खा म्हणून. मी सृष्टीला म्हणालो, चला, दादांचा मान राहिला आणि बाईचा पहाराही वाचला. मला खरंच मोकळं वाटलं.

बजाबाईनं माईक ठेवला, पदराला हात पुसले आणि वीणा घ्यायला दोन्ही हात पुढं केले. दादा डोळे मिटून गात होता. ती थांबली. फेरी संपली, त्यानं डोळे उघडले. "मावशी, ऱ्हाऊ द्या की थोडं," तो म्हणाला. "आत्ता कुटं लागलाय."

ज्याच्या गळ्यात आहे त्यानं दिल्याशिवाय वीणा काढून घेता येत नाही. ती हात पुढं करून उभीच. तेवढ्यात अण्णांनी माईक उचलला. "आजपासनं दुपारचा पहारा अजिंक्यचा! दरवर्षी!" टाळ्या. दादानं गाता गाता मान डोलावली. त्याला काय कळलं, काय नाही, देव जाणे. तो वरच्या सुरात होता. मीही टाळ्या वाजवायला लागलो आणि मध्येच हात थांबले.

मी अण्णांजवळ गेलो. "अण्णा, तिनं माफी मागितली की."

"मग? ही काय शिक्षा हाय का? अजिंक्यचा सन्मान हाय. तिलाबी आनंदच हाय, बघ की."

बजाबाई दादाच्या पाया पडत होती. वीणा गळ्यात होती त्याच्या, पाया पडायलाच पाहिजे. पडली, आणि चपला शोधून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लाइव्ह करायला मंडपात गेलो. दादा वीणा घेऊन उभा होता, आणि तिचीच चाल घेत होता, सुरात. गर्दी तर काय विचारू नका, दुपारच्या पहाऱ्याला एवढी गर्दी मी कधी बघितली नव्हती. येणारा प्रत्येक जण त्याच्या पाया पडत होता. आणि बाजूच्या खांबाजवळ बजाबाई उभी होती. हिरवं इरकल धुऊन पुन्हा नेसलेली, बुक्का लावलेली. बसली नव्हती, पहाऱ्याला उभी राहते तशीच उभी. डावा हात छातीशी धरलेला, उजव्या हाताचं एक बोट आपोआप हलत होतं. माणसं तिच्या अंगावरून पुढं जात होती. कुणी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हतं.

फार वाईट वाटलं मला, इतकं की फोन खिशात घातला. गर्दीतून तिच्याकडं गेलो आणि खाली वाकून तिच्या पाया पडलो. तिच्या गळ्यात काही नव्हतं. असा काही रिवाज नाही आमच्यात.

तिनं दचकून पाय मागं घेतले. मी उठलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होती.

"बाजूला सर की शाज्या," ती म्हणाली. "मधी आलास. चढतोय बघ तो, ऐकू दे."

मी बाजूला झालो.